काल काय भाजी होती?

माणसाचं मस्तक ही सृष्टीतली सर्वश्रेष्ठ रचना असून तिचं रक्षण करणं हेच खरं शौर्य आहे.

हे वाक्य माझं नाही. गोहलपुरात लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या माडीवर, जिना संपतो तिथे दाराच्या वर ते लाल रंगात रंगवलेलं होतं. अक्षरं सुबक होती, पण बारीक. नवा माणूस मान वर करून वाचत वाचत पुढे जायचा आणि 'शौर्य' या शब्दापाशी पोचेपर्यंत त्याचं कपाळ चौकटीवर आपटायचं. दार ठेंगणं होतं. चौकटीला जुन्या गादीचा तुकडा बांधलेला असल्यामुळे इजा कोणाला होत नसे, पण आत शिरणारा प्रत्येक जण जरा नम्र होऊन शिरायचा.

पाटी तिथून काढून दुसरीकडे लावावी असं मी एकदा काकाजींना सुचवलं होतं.

"काहून?" ते म्हणाले. "डोकं सांभाळा, असं वाचून राहिला अन् डोकं आपटून राहिला. एवढ्यात माणूस समजून येते मले."

काकाजी म्हणजे त्या माडीवर वर्ग घेणारे आमचे बॉक्सिंगचे शिक्षक. ते एका सरकारी फॅक्टरीत तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू हातात घ्यायच्या, मोजायच्या, ठोकून ऐकायच्या आणि बहुतेक वेळा परत पाठवायच्या, यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर फॅक्टरी सुटली, सवय सुटली नाही. बाजारात ते कलिंगड ठोकून ऐकायचे इथपर्यंत ठीक होतं; पण ते नारळवाल्याकडून नारळ घेऊन दुसऱ्या नारळवाल्याकडे पास करून घ्यायला जायचे, असं त्यांच्या पत्नी, काकू, सांगायच्या. जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांच्या लेखी तीन प्रकार होते: पास, रिजेक्ट आणि रिवर्क, म्हणजे पुन्हा दुरुस्तीला. चाळिशीनंतर शिकायला येणारी आम्ही सगळी मंडळी तिसऱ्या प्रकारात मोडत होतो आणि आमच्या वर्गाचं नावच 'रिवर्कची बॅच' असं होतं. तरुणांना ते घेत नसत. "त्यांना शिकवणारे पुष्कळ आहेत," असं म्हणायचे, आणि पुष्कळ आहेत हे त्यांना फारसं आवडत नाही हे चेहऱ्यावरून कळायचं.

मी तो जिना पहिल्यांदा चढले तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. शाळेत भूगोल शिकवत होते. वजन वाढलं होतं आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालायला माझी हरकत नव्हती. पण आमच्या कॉलनीत चालणं म्हणजे कॉलनीशी बोलणं, आणि बोलणं म्हणजे मुलाचं लग्न कधी करताय याचं उत्तर देणं. बॉक्सिंगच्या वर्गात हा प्रश्न कोणी विचारणार नाही, असा माझा अंदाज होता. तो खरा ठरला. काकाजींचा प्रश्न वेगळाच होता.

"काल संध्याकाळी काय भाजी होती?"

"का हो?"

"सांगा न, मॅडम."

"दोडका."

"घरी आणखी कोण होतं जेवाले?"

"आमचे हे होते."

"अच्छा. त्यांचा फोन लावा जरा."

माझे यजमान रेल्वेच्या कार्यालयात होते. संसाराच्या इतक्या वर्षांत त्यांना कामाच्या वेळी फोन करून जेवणाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. त्यांना भाजी आठवेना. काकाजींनी फोन माझ्या हातात परत दिला आणि गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही ठीक हाय. त्यांना एकदा दाखवून घ्या कोणाले."

हा प्रश्न रोज असायचा. वर्ग सुरू होताना प्रत्येकाला, आणि कोणाला जरा कुठे धक्का लागला तर पुन्हा. उत्तर खरं की खोटं हे पाहायला मनात येईल त्याच्या घरी फोन जायचा. डोक्याला मार बसलेला माणूस चालतो नीट, बोलतो नीट, स्वतःचं नाव-गाव-पत्ता धाडधाड सांगतो, असं काकाजींचं म्हणणं होतं. निसटतो तो कालचा दिवस. आणि कालचा दिवस विचारायचा तर भाजीइतकी पक्की खूण दुसरी नाही, कारण तिला साक्षीदार असतो.

पहिला सगळा उन्हाळा त्यांनी मला ग्लव्ज घालू दिले नाहीत. मान. फक्त मान. डोक्याला टॉवेल लावायचा, तो एकाने ओढायचा आणि दुसऱ्याने मान हलू द्यायची नाही. मग गादीवर पडायला शिकायचं, हनुवटी छातीला टेकवून, म्हणजे मागचं डोकं आपटत नाही. मग श्वास. प्रत्येक ठोशाला तोंडाने हुश्श करायचं. खाली कपाटवाल्यांचे हातोडे पत्र्यावर पडत असायचे आणि वर आम्ही पोक्त माणसं एकमेकांचे टॉवेल ओढत हुश्श हुश्श करत असायचो. जिन्यावरून डोकावणाऱ्याला हे लढाईचं शिक्षण आहे असं वाटलं नसतं. मलाही वाटत नव्हतं.

ग्लव्ज मिळाले त्या आठवड्यात माझं डोकं दुखायला लागलं. कोणाचा ठोसा लागला नव्हता. काकाजींच्या वर्गात डोक्यावर मारायला बंदीच होती, छातीच्या वर हात गेला की घरी. तरी वर्ग संपला की कानशिलं ठणकायची. वय झालं, आता हे थेर पुरे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. काकाजींना सांगितल्यावर त्यांनी खाली जाऊन कारखान्याच्या मालकाला हातोडे थांबवायला सांगितले. एकदम शांतता झाली.

"आता दुखते काय?"

"हो."

"मग ते याच्यानं नाही. पाणी किती प्यायल्या?"

"सकाळी."

"किती विचारलं, कधी नाही. चहा?"

"चहा सोडला मी. व्यायाम सुरू केला ना, म्हणून."

"ज्या दिवशी ग्लव्ज घातले त्याच दिवशी चहा सोडला?"

"हो."

काकाजींनी दुबेजींकडे पाहिलं. दुबेजी म्हणजे बँकेचे निवृत्त मॅनेजर, आमच्या वर्गातले सर्वात उत्साही. दुबेजींनी छताकडे पाहिलं. मग काकाजींनी मला बॅगवर ठोसे मारायला लावले आणि माझ्या तोंडासमोर हात धरून उभे राहिले. हुश्श नव्हतं. उन्हाळाभर शिकलेला श्वास ग्लव्ज चढल्याबरोबर मी विसरले होते आणि दात आवळून, श्वास कोंडून मारत होते.

"सापडलं," मी म्हटलं. "श्वास आणि चहा. उद्यापासून ठीक होईल."

"तुम्ही काहून सांगून राहिल्या ठीक होईल म्हणून? अन् मी तरी कोण?" काकाजी म्हणाले. "पहिले डॉक्टरकडे जा, बीपी दाखवा, चष्म्याचा नंबर दाखवा. त्याने हो म्हटलं का मग या. आपला माल आपण पास करायचा नाही, मॅडम."

हा फॅक्टरीतला नियम होता. ज्या सेक्शनने वस्तू बनवली त्या सेक्शनने ती तपासायची नाही. तपासणारा बाहेरचा पाहिजे. बनवणाऱ्याला स्वतःची वस्तू नेहमीच चांगली दिसते. काकाजींनी हा नियम फॅक्टरीच्या फाटकातून घरी आणला होता आणि सगळीकडे लावला होता. काकूंनी केलेल्या आमटीचं मीठ काकूंनी बघायचं नाही. स्वतःची दाढी नीट झाली की नाही हे ते आरशात न पाहता शेजाऱ्याला विचारायचे. मला तेव्हा हे सगळं विनोदी वाटलं. डॉक्टरांनी माझं बीपी पाहिलं, एक गोळी लिहून दिली, चहा पुन्हा सुरू करायला सांगितला, आणि दुखणं गेलं. त्या गोळीची गरज मला श्वास आणि चहा यांवरून कळली नसती.

दुबेजींची गोष्ट निराळी होती. त्यांचा विश्वास सामानावर होता. एक दिवस ते ऑनलाइन मागवलेलं हेडगार्ड घालून आले. डोक्याला कोणी सोफा बांधावा असं ते दिसत होतं. "अब तो सिर पर भी चलेगा, काकाजी," ते म्हणाले. "पूरी सेफ्टी है."

काकाजींनी बोटाच्या पेरांनी ते ठोकून ऐकलं. "चांगलं हाय. चमडी नाही फाटणार," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते घरून स्टीलचा डबा घेऊन आले. आत काकूंनी लावलेलं दही होतं, सुरी लावली तर वडी पडेल असं. काकाजींनी सगळ्यांना ते दाखवलं, झाकण घट्ट लावलं, डबा हेडगार्डमध्ये बसवला, पट्टे आवळले आणि दुबेजींच्या हातात दिला. "हलवा. जोरात. तुमच्या डोक्यावर कोणी मारून राहिलं समजा."

दुबेजींनी मन लावून हलवला. काकाजींनी डबा बाहेर काढून सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवला. एक ओरखडा नव्हता. मग झाकण उघडलं. आत पाणी एकीकडे आणि गुठळ्या एकीकडे.

"हे आता पहिल्यासारखं लागेल काय?"

दुबेजींनी डब्यात पाहिलं. "इसकी कढ़ी बन जाएगी," ते म्हणाले.

"दह्याची बनते," काकाजी म्हणाले.

ते दही पाहुण्यांसाठी लावलेलं होतं हे संध्याकाळी काकूंकडून कळलं. काकूंचा आवाज त्या दिवशी बऱ्याच घरांत ऐकू गेला.

डोक्याचं एवढं काय, हे मी बरेच दिवस विचारलं नाही. मग एकदा रविवारी खव्याची जलेबी घेऊन ते गढा भागात निघाले असताना मीही त्याच बाजूला जात होते, म्हणून सोबत गेले. एका बोळातल्या घरात, पडदे ओढलेल्या खोलीत वामनराव बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला ओला पंचा. दोघे एकाच फॅक्टरीतले, तरुणपणी फॅक्टरीच्या स्पर्धेत एकमेकांसमोर आलेले. काकाजींच्या ठोशाने वामनराव खाली गेले, उठले, मी ठीक आहे म्हणाले. पुढच्या दिवशी तिसऱ्या कोणाशी तरी पुन्हा लढले आणि पुन्हा डोक्यावर खाल्लं. तेव्हापासून उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही. लग्नात बँड वाजतो म्हणून भाचीच्या लग्नालाही गेले नाहीत.

"यानं मले काही नाही केलं," वामनराव जलेबी खात मला म्हणाले. "मीच म्हटलं होतं मी ठीक हाय म्हणून. हा उगाच पन्नास वर्षं जलेबी आणून राहिला."

"आवडत नसेल तर बंद करतो," काकाजी म्हणाले.

"मी कुठं म्हटलं आवडत नाही?"

त्या स्पर्धेचा चषक काकाजी जिंकले होते. तो वामनरावांच्या कोनाड्यात होता. त्यात सुपारीचा अडकित्ता आणि दोन कंगवे होते. परत येताना मी पहिल्यांदाच काकाजींच्या नियमावर मनातल्या मनात हसले नाही.

पुढल्या पावसाळ्यात कपाटवाल्या मालकाने माडी मागितली. लग्नसराईचा माल ठेवायला त्याला जागा हवी होती. दिवाळीपर्यंत खाली करा, म्हणाला. दुबेजी भडकले, वकील करतो म्हणाले. काकाजी शांत होते. "कोणाचं डोकं फुटलं काय? हॉल जाईल, डोकं राहील. चलो, टॉवेल घ्या."

पण ते शांत नव्हते. त्या माडीशिवाय वर्ग बंद पडणार आणि वर्ग बंद पडला तर रोज उठून कुठे जायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावरचं एक वर्ष ते घरी होते. त्या वर्षाबद्दल काकू फक्त एवढंच म्हणायच्या, "बाई, ते दिवस शत्रूला येऊ नये." म्हणून काकाजी टोपी घालून आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले. मंडळाचा हॉल गणपती सोडून वर्षभर रिकामा असायचा.

अध्यक्ष हा माणूस कोणत्याही विषयावर 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' इथून सुरुवात करायचा. एकदा त्यांनी श्रद्धांजलीचं भाषणही तिथूनच सुरू केलेलं मी ऐकलं आहे. त्यांनी काकाजींना हॉल द्यायची तयारी दाखवली, पण आधी गणेशोत्सवात एक प्रात्यक्षिक हवं म्हणाले. समितीला पटलं पाहिजे. "आणि जरा जोश असू द्या. मान-बिन नको. लोक जेवून आलेले असतात, झोपतात."

आठवड्याभरात मंडळाच्या फाटकावर बॅनर लागला. 'महामुकाबला! अनुभवी मुष्टियोद्धा विरुद्ध बँक मॅनेजर'. खाली प्रमुख पाहुण्यांचं नाव काकाजींच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात होतं आणि दुबेजींचा फोटो पासपोर्टचा होता. काकाजींनी बॅनर दोनदा वाचला. डोक्यावर मार नाही, छातीच्या खालीच, अशी अट त्यांनी अध्यक्षांकडून कबूल करून घेतली. तरी घरी गेल्यावर त्यांनी माळ्यावरून जुने बूट काढून पॉलिश केले, हे काकूंनी मला सांगितलं.

तालीम चालू होती. कपाटवाल्यांची सुट्टी होती, म्हणून खाली सामसूम. काकाजी हातांत पॅड धरून उभे होते आणि दुबेजी मारत होते. मी बाजूला पवित्र्याचा सराव करत होते. काकाजींनी माझ्या पायांकडे पाहिलं. "मॅडम, टाच," असं म्हणून मान वळवली, आणि त्याच क्षणी दुबेजींना वर्षभर शिकवूनही न जमलेली गोष्ट जमली. कंबर फिरली, खांदा फिरला, आणि ठोसा पॅडवरून घसरून काकाजींच्या कानशिलावर बसला.

काकाजी पडले नाहीत. एक पाय मागे गेला, एवढंच. "शाबास," ते म्हणाले. "हा बरोबर होता."

दुबेजींनी ग्लव्ज घातलेले हात जोडले. "काकाजी, माफ कर दीजिए, मैंने देखा ही नहीं..."

"काही झालं नाही. चलो, चालू ठेवा." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, टाच."

माझी टाच मी केव्हाच उचलली होती. मी तसं सांगितलं. ते हो म्हणाले. पॅड नीट केले. आणि पुन्हा माझ्या पायांकडे पाहून म्हणाले, "मॅडम, टाच."

खाली हातोडे नव्हते. दुबेजींचा श्वास मला ऐकू येत होता.

"काकाजी," मी म्हटलं, "काल काय भाजी होती?"

ते हसले. "मले विचारून राहिल्या? वांगं. भरलेलं. दोन खाल्ले."

उत्तर इतकं झटकन आणि इतकं ठाम होतं की दुबेजी "हे भगवान" म्हणून खाली गादीवर बसले. मलाही हायसं वाटलं. पण हात सवयीने फोनकडे गेला होता, तो मी थांबवला नाही.

"भाजी?" काकू पलीकडून म्हणाल्या. "भेंडी. काहून?"

"भरलं वांगं नव्हतं?"

"वांगं? बाई, चातुर्मास चालू आहे. आषाढापासून वांगं घरात आलं नाही माझ्या. हे काय विचारून राहिल्या तुम्ही?" मग एकदम आवाज बदलला. "यांना काय झालं?"

मी काकाजींना सांगितलं. ते माझ्यावर नाही, काकूंवर चिडले. वांगं होतं, मी खाल्लं, तिला काय आठवते. मग म्हणाले, डोकं जरा दुखते, पण ते पाणी कमी प्यायल्यानं. मग म्हणाले, चार दिवसांवर कार्यक्रम आला आहे, अध्यक्ष वाट पाहून राहिले, हॉलचा सवाल आहे. "मी ठीक हाय, मॅडम. मले कळते न माझं. पास."

"आपला माल आपण पास करायचा नाही," मी म्हटलं.

"हॉल जाईल."

"हॉल जाईल. डोकं राहील."

"हे माझंच बोलणं हाय."

"तुमचंच आहे."

इतकी वर्षं काकाजींनी किती माणसांच्या हातात त्या माणसांनीच बनवलेली वस्तू परत दिली असेल. आज पहिल्यांदा कोणी त्यांची वस्तू त्यांच्या हातात परत देत होतं. मग त्यांनी एक एक करून पॅड काढले आणि दुबेजींच्या शेजारी जाऊन बसले. दुबेजी रडत होते. "अरे, रोना काहे का," काकाजी त्यांना म्हणाले. "ठोसा अच्छा था."

दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का ते आधी विचारलं, डोळ्यांत बॅटरी मारली, स्कॅन केला. रक्तस्राव नव्हता. उलटी झाली, डोकेदुखी वाढली, जास्त झोप येऊ लागली तर ताबडतोब आणा, म्हणाले. काही आठवडे विश्रांती. अंधार, शांतता, मोबाइल नाही, टीव्ही नाही, बॉक्सिंग तर नाहीच. काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बोलणं?"

"कमी बोलू दे," डॉक्टर म्हणाले.

"तुम्हीच सांगा त्यांना," काकू म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. बॅनरमुळे लोक खरंच आले होते. शाल झाली, श्रीफळ झालं, प्रमुख पाहुण्यांची ओळख झाली. तिच्यात त्यांच्या नोकरीतल्या सगळ्या बदल्या क्रमाने आल्या. मग अध्यक्षांनी आजच्या धकाधकीच्या जीवनात व्यायामाचं महत्त्व सांगितलं आणि महामुकाबला जाहीर केला. मी मंचावर गेले. महामुकाबला होणार नाही, असं सांगितलं. योद्ध्याच्या डोक्याला तालमीत मार बसला, आणि त्याला कालची भाजी सांगता आली नाही, म्हणून.

लोक हसले. अध्यक्षही हसले, जरा जास्तच. "मॅडम, या वयात कोणालाच सांगता येत नाही!"

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

"मी? काल? मेथी."

"काहीतरीच काय!" मागून अध्यक्षांच्या पत्नीचा आवाज आला. "काल फोडणीचं वरण होतं. भाजी निवडायला कोण बसलं होतं घरी?"

मग जे सुरू झालं ते मी आवरू शकले नसते. रांगेरांगेतून नवरे उत्तरं देत होते आणि बायका ती खोडून काढत होत्या. प्रमुख पाहुण्यांनी बटाटा सांगितला. त्यांच्या पत्नीने मानेनेच नाही म्हटलं. गोंगाट ओसरल्यावर मी सांगितलं की आमच्या वर्गात हे रोज विचारतात, आणि हेच शिकवतात: आपलं डोकं ठीक आहे की नाही हे आपण ठरवायचं नाही. मग दुबेजी आणि मी मान, टॉवेल आणि हुश्श करून दाखवलं. दुबेजींनी त्या दिवशी माझ्यावर एकही ठोसा मारला नाही. त्यांना मारायचा धीरच होत नव्हता. म्हणून मीच त्यांच्या पॅडवर मारले, आणि भूगोलाच्या बाई बॉक्सिंग करतात हे पाहायला माझ्या शाळेतल्या शिक्षिका शेवटच्या रांगेतून पुढे आल्या. कोणीही झोपलं नाही.

समितीचा निर्णय समितीने घेतला नाही. अध्यक्षांच्या पत्नी आणि आणखी काही जणी कार्यक्रम संपल्यावर थेट अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. वर्ग केव्हापासून आहे, हे त्यांनी विचारलं. आहे का, असं विचारलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी काकाजींकडे गेले. पडदे ओढलेले होते. मी हॉल मिळाल्याचं सांगितलं. ते पलंगावर डोळे मिटून पडले होते.

"कोणाच्या डोक्याले लागलं?"

"नाही."

"मग चांगला झाला कार्यक्रम," ते म्हणाले, आणि लगेच झोपले. मी काकूंकडे पाहिलं. "ही नेहमीची झोप आहे," काकू म्हणाल्या. "मी ओळखते."

डॉक्टरांनी त्यांना तपासून परवानगी दिली तोवर माडीवर कपाटं लागली होती आणि आम्ही मंडळाच्या हॉलमध्ये आलो होतो. बॅच दुप्पट झाली होती, बहुतेक बायका. पण डॉक्टरांचं ऐकूनही काकाजी आत येईनात. डॉक्टरने डोकं पास केलं, शिकवणाऱ्याला कोण पास करणार? तो बाहेरचा पाहिजे, आणि त्याला डोक्याचं कळत असलं पाहिजे. त्यांनी स्वतःच माणूस सुचवला.

वामनराव रिक्षातून आले, काळा चष्मा, डोक्याला पंचा. गोहलपूरच्या त्या हातोड्यांच्या माडीवर ते कधी येऊ शकले नव्हते. इथे शांत होतं. आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, जे आम्हाला करायला बंदी होती. काकाजी पॉलिश केलेले बूट घालून सरळ उभे राहिले. पन्नास वर्षांपूर्वी ज्याला खाली पाडलं त्याच्यासमोर.

"काल काय भाजी होती रे?" वामनरावांनी विचारलं.

"कारलं."

वामनरावांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान डोलावली.

"पास," वामनराव म्हणाले, आणि काकाजींच्या डोक्यावर हात ठेवला. दुबेजींनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि वामनरावांना आवाज सहन होत नाही हे आठवून मध्येच थांबवल्या. त्या दिवशी काकाजींनी मला सांगितलेली पहिली गोष्ट 'टाच' ही होती, आणि टाच खरंच खाली होती. आज त्या वर्गात मी नाही, निवृत्त होऊन नागपूरला आले. पण वर्ग चालू आहे, आणि कानशिलं ठणकली की मी अजून आधी पाणी, मग चहा, मग डॉक्टर या क्रमाने जाते.

ते अगदी ठाम बोलले, असं त्या दिवशी हॉलमधून निघताना मी काकूंना म्हटलं. कारलं म्हणताना जरासुद्धा अडखळले नाहीत.

"अडखळतील कसे?" काकू म्हणाल्या. "आठवडाभर रोज कारलंच केलं मी."